दुसरी वेचणी

गेल्या हिवाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयीन लघुपटांची स्पर्धा झाली. मी तीन परीक्षकांपैकी एक होतो. बक्षिसे वाटून झाल्यावर मंडपातच वाद सुरू झाला, तो पानठेल्यावर गेला आणि तिथून कित्येक आठवडे लोकांच्या मोबाइलवर चालत राहिला. मोबाइलने चित्रित केलेल्या लघुपटांना वेगळा गट असावा की नसावा, एवढाच मूळ मुद्दा होता. पण त्याच्या आडून जुने भांडण वर आले. एका बाजूचे म्हणणे असे की खिशातल्या फोनमध्ये आता सगळे आले आहे, तेव्हा आमच्या पोरांनी कोणाच्या दारात उभे राहण्याची गरज उरलेली नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की चांगला कॅमेरा, शिकवणारी संस्था आणि पुण्या-मुंबईचा सहवास यांवाचून इथे होते ते निव्वळ हौसेचे काम. म्हणून विदर्भात आधी चित्रनगरी हवी, प्रशिक्षण केंद्र हवे, मग बाकीचे. दोन्ही बाजूंचा आवाज चढला, पण त्या दिवशी पडद्यावर आलेल्या चौदा लघुपटांपैकी एकाबद्दलही कोणी पाच मिनिटे बोलले नाही.

हा वाद चुकीच्या जागी रंगतो आहे, असे माझे मत आहे. जवळ काय आहे आणि काय नाही, याची मोजदाद दोन्ही बाजू करतात. केलेल्या कामाचे पुढे काय झाले, हे कोणी विचारत नाही. विद्यार्थी असताना मी पाच लघुपट केले, त्यांतले तीन वाईट होते, आणि त्या काळात माझ्यात जी काही सुधारणा झाली ती त्याच वावरात, त्याच माणसांकडे दुसऱ्यांदा गेल्यामुळे झाली. पहिल्या खेपेचे काम त्या माणसांना दाखवायचे, त्यांचे बोलणे निमूट ऐकून घ्यायचे, घरी येऊन केलेले मोडायचे आणि पुन्हा जाऊन चित्रित करायचे, एवढी फेरी जो विद्यार्थी पुरी करतो तो शिकतो. जो करत नाही, तो हाती कोणतेही यंत्र आले तरी दरवर्षी आपला पहिलाच लघुपट नव्या नावाने करत राहतो. परीक्षक म्हणून मला त्या चौदांत असे किमान नऊ दिसले.

माझा पहिला लघुपट अकरा मिनिटांचा होता आणि त्याचा विषय, अर्थातच, शेतकरी आत्महत्या. अर्थातच म्हणतो, कारण पश्चिम विदर्भातल्या पोराने कॅमेरा हातात घेतला की त्याच्याकडून हाच विषय अपेक्षित असतो, आणि त्या अपेक्षेचा त्याला मोहही पडतो. पहिल्या दृश्यात भेगाळलेली जमीन, मग कडुनिंबाच्या फांदीला लटकणारा दोर, मग शून्यात पाहणारा म्हातारा, आणि या सगळ्यावर सारंगी. महाविद्यालयात टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांच्या भरात मी तो गावात, मारुतीच्या पारासमोर, पांढऱ्या चादरीवर दाखवला. भेगांचे दृश्य आले तसे ज्यांच्या वावरात ते घेतले होते ते आबाजी शेजारच्याच्या कानाशी काहीतरी बोलले आणि दोघेही हसले. संपल्यावर मी विचारले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "ह्या भेगा तं दरसाल पडतेत, बापू. नाई पडल्या तं मंग आमाले काळजी लागते." आमची भारी काळी माती पावसाचे पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून फाटते, त्या फटींतून हवा खाली जाते, वरचा पालापाचोळा आत पडतो, जमीन नांगराविना थोडी आपली आपणच पालटते. कसदार जमिनीचे हे लक्षण मी मरणाची खूण म्हणून वापरले होते, आणि तेही शेतकऱ्याच्याच घरात जन्मून. यात कॅमेऱ्याचा काय दोष होता? महाग कॅमेऱ्यात त्या भेगा अधिक रेखीव दिसल्या असत्या आणि माझे अज्ञानही तितकेच रेखीव दिसले असते. ती प्रतिमा मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलीच नव्हती. वर्तमानपत्रांतल्या छायाचित्रांतून उचलून ती मी आबाजींच्या वावरावर आणून चिकटवली होती. त्याच रात्री शेजारच्या काकूंनी दुसरा प्रश्न टाकला, "तुह्या पिच्चरात आमच्या घरी कोनीच हासत नाई, काहून गा?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

हा अनुभव एकट्याच्या अडाणीपणाचा म्हणून सोडून देता आला असता, पण त्याला आमच्या भागाचा एक इतिहास आहे. १ जुलै २००६ च्या सुमारास तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. त्या काळात आणि त्यानंतर इथल्या घरांत इतके कॅमेरे येऊन गेले की कॅमेऱ्यासमोर काय बोलायचे हे लोक शिकले. कर्ज किती, सावकाराचे किती, नापिकी किती वर्षे, ही उत्तरे न विचारता क्रमाने येतात, आणि डोळे कुठे पुसायचे तेही ठरलेले असते. यात त्यांची लबाडी मुळीच नाही. ज्याला जे हवे ते देऊन लवकर मोकळे व्हावे, हा शहाणपणा आहे. पण त्यामुळे पहिल्या भेटीत जे चित्रित होते ते त्या घरापेक्षा आधी आलेल्या कॅमेऱ्यांबद्दलच अधिक सांगते. दुसऱ्या, तिसऱ्या भेटीत तुमचे अप्रूप संपते, चहा कपबशीतून येण्याऐवजी पेल्यातून येतो, आणि मग कोणीतरी तुमच्याकडे पाठ करून आपले काम करू लागते. चित्रणाला खरी सुरुवात तिथे होते. शिवाय शेतकऱ्याचे कर्ज हा विषयही नवा नाही. कोल्हापुरात स्वतः कॅमेरा घडवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी १९२५ साली सावकारी पाशात जमीन गमावणारा शेतकरी पडद्यावर आणला होता. शंभर वर्षांपूर्वी जे मांडून झाले, ते पुन्हा मांडताना विषयाच्या गांभीर्याचे भांडवल किती दिवस पुरणार?

पुन्हा जाण्याची ही रीत मी शोधलेली नाही. आर्क्टिकमधल्या इनुइट लोकांवरच्या माहितीपटामुळे रॉबर्ट फ्लाहर्टी जगभर ओळखला जातो, पण १९२२ चा तो चित्रपट त्याचा दुसरा प्रयत्न होता. पहिल्या प्रयत्नाची सुमारे ३०,००० फूट निगेटिव्ह १९१६ मध्ये त्याच्याच सिगारेटने पेटून गेली. त्यातून वाचलेली एक प्रत त्याने लोकांना दाखवली, तेव्हा त्याला कळून चुकले की हे नुसते इथले थोडे, तिथले थोडे झाले आहे, त्यात धागा नाही. तो पुन्हा उत्तरेला गेला, एका माणसाला आणि त्याच्या कुटुंबाला धरून राहिला, तिथेच फिल्म धुऊन त्यांना दाखवत राहिला. त्याने अनेक प्रसंग मुद्दाम घडवून आणले, यावर आजही योग्य टीका होते आणि ती मला मान्य आहे. पण पहिले काम जळाले म्हणून नव्हे, ते फसले होते म्हणून तो परत गेला, ही त्यातली शिकण्याजोगी गोष्ट आहे. आपल्याकडचे उदाहरण तर शाळेतल्या पोरालाही ठाऊक असावे. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली, भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून, कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपासमोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ त्याच रोपाची त्याच जागेवरून थोडी थोडी चित्रे घेतली. बी फुटून वेल वर चढताना दिसली ती अशी. १९१३ चा त्यांचा पहिला चित्रपट या कुंडीतून उगवला, असे म्हणणे फारसे चूक होणार नाही. सत्यजित राय यांनी १९५२ च्या ऑक्टोबरात काशफुलांच्या रानात आपल्या पहिल्या चित्रपटाचे चित्रण सुरू केले. पुढच्या रविवारी ते पुन्हा पोहोचले तेव्हा गुरांनी फुले फस्त केलेली होती. उरलेल्या दृश्यासाठी त्यांना पुढच्या फुलोऱ्याची वाट पाहावी लागली. त्यांचा छायाचित्रकार सुब्रत मित्र याने तोवर चलच्चित्रणाचा कॅमेरा चालवलेलाही नव्हता. गुरांनी खाल्लेल्या रानाऐवजी शेजारचे कोणतेही हिरवे रान त्यांना चालले असते का? आमच्या स्पर्धांच्या मुदतीत बसायचे असते, तर चालवून घ्यावे लागले असते.

आता समोरच्या बाजूचे जे बळकट आहे ते मोकळेपणाने मान्य करायला हवे. साधनांचा फरक पडत नाही, असे म्हणणारा माणूस मे महिन्यात विदर्भात चित्रणाला गेलेला नसतो. पारा पंचेचाळिसावर गेला की फोन तापून स्वतःच बंद पडतो. उघड्या वावरात वारा सुटला की फोनच्या माइकमध्ये फडफडीखेरीज काही उरत नाही. घरात एलईडी दिवा असेल आणि आपल्या ५० हर्ट्झच्या विजेशी शटरचा वेग जुळला नसेल, तर भिंतीवर पट्टे सरकताना दिसतात. अनेक फोन सेकंदाला ठरलेल्या चौकटी (फ्रेम) पाळत नाहीत, कधी तीस तर कधी अठ्ठावीस घेतात, त्यामुळे वेगळा मुद्रित केलेला आवाज काही मिनिटांत ओठांपासून सुटतो; या एका गोष्टीपायी मी तीन रात्री जागलो आहे. तेव्हा 'मोबाइल पुरेसा आहे' ही घोषणा अर्धवट आहे. पण वरच्या यादीकडे पुन्हा पाहावे. यातली प्रत्येक अडचण मला पहिल्या खेपेच्या पराभवातून कळली आणि दुसऱ्या खेपेला ती बहुतेक फुकटात सुटली: चित्रण सकाळी नऊच्या आत किंवा उन्हे कलल्यावर, शटर सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर बांधून, चौकटींचा वेग कायम राखणारे अॅप वापरून, आणि आवाजासाठी दुसरा फोन बोलणाऱ्याच्या खिशात ठेवून, त्याला कॉलरचा साधा माइक जोडून. प्रत्येक जागेवरून निघण्यापूर्वी सगळ्यांना गप्प करून एक मिनिट नुसती शांतता मुद्रित करायची, हेही तेव्हाच शिकलो, कारण संकलनात दोन वाक्यांच्या मधली पोकळी भरायला दुसरे काही उपयोगी पडत नाही. आमच्या गुरांच्या कोठ्यातली शांतता आणि वावरातली शांतता वेगवेगळी ऐकू येते, हे त्याआधी मला माहीत नव्हते. क्रांतीनंतरच्या रशियात कच्च्या फिल्मचा तुटवडा होता, तेव्हा लेव्ह कुलेशोव्हच्या कार्यशाळेतले विद्यार्थी फिल्मशिवायच प्रसंग बसवत आणि असलेल्या चित्रणाचे तुकडे पुन्हा पुन्हा जोडून पाहत. संकलनाविषयीचे त्यांचे प्रयोग आजही शिकवले जातात. टंचाई चांगली असते, असा याचा अर्थ मी काढत नाही, कारण टंचाईचे गोडवे गाणारे लोक बहुधा पोटभर जेवलेले असतात. पण साधन आल्यावर सुरुवात करू, ही सबब यापुढे टिकत नाही.

संस्थेचा मुद्दा याहून अवघड आहे. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० साली जी चित्रपट संस्था सुरू झाली तिने कित्येक पिढ्या घडवल्या, आणि तिथे शिकलेल्या मुलाच्या आणि माझ्या कामातला फरक मला स्पष्ट दिसतो. मला तिथे जागा मिळाली असती तर मी एका पायावर गेलो असतो. परंतु संस्था नेमके काय देते, याचा विचार व्हायला हवा. तिथे सराव ठरवून दिलेला असतो, तो फसला की कोणीतरी फसला असे सांगते, आणि त्याच वेळी तुम्ही दहा जणांच्या सरावात ध्वनी, प्रकाश किंवा संकलन सांभाळत असता. म्हणजे संस्थेची इमारत आणि तिचे कॅमेरे यांपेक्षा, पुन्हा करायला भाग पाडणारी तिची व्यवस्था अधिक मोलाची आहे. मग विदर्भात उद्या चित्रनगरी उभी राहिली आणि तिच्यात मोठमोठे सेट भाड्याने मिळू लागले, तर या व्यवस्थेतले काय आपोआप येईल? चित्रनगरी जरूर व्हावी, त्यातून सुताराला, रंगाऱ्याला, वीजतंत्र्याला काम मिळेल. तिला शाळा समजू नये.

खरे तर पुन्हा करायला लावणारी शाळा आमच्या विदर्भात पूर्वीपासून आहे आणि तिच्याकडे कोणी शाळा म्हणून पाहत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या धानपट्ट्यात दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटके सुरू होतात. गडचिरोलीतल्या वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगावी जातात, रात्रभर प्रयोग होतो, सकाळी सामान गाडीत पडते आणि त्याच रात्री दुसऱ्या गावात तेच नाटक पुन्हा उभे राहते. कुठे लोक उठून चहाला गेले, कुठे बायांच्या बाजूने हुंदका आला, कोणते वाक्य मागच्या रांगेपर्यंत पोहोचले नाही, हे नटाला त्याच रात्री कळते आणि दुसऱ्या दिवशी ते वाक्य बदललेले असते. विसाव्या प्रयोगातले नाटक पहिल्यापेक्षा वेगळे असते. लघुपट करणारा विद्यार्थी मात्र पहिल्याच प्रयोगाला कुलूप लावून स्पर्धेला पाठवतो. या नाटकांत ढोबळपणा असतो, अतिरेकी विनोद असतो, हे आक्षेप मी ऐकले आहेत आणि काही प्रमाणात ते खरेही आहेत. पण प्रेक्षकाकडून शिकण्याच्या बाबतीत वडशाचा नट आमच्या महाविद्यालयातल्या कोणत्याही दिग्दर्शकापेक्षा पुढे आहे.

यावर येणारा सर्वांत टोकदार आक्षेप वेगळाच आहे. गावाला दाखवून, गावाचे ऐकून चित्रपट केला तर गाव अडचणीचे सगळे काढून टाकायला सांगेल. जात, पाणवठा, हुंडा, दारू यांतले काही उरणार नाही. मग कलावंताने सरपंचाची परवानगी घेऊनच सत्य सांगायचे का? हा आक्षेप मी हलका मानत नाही, कारण माझ्या तिसऱ्या लघुपटातून एक दृश्य काढावे म्हणून माझ्या वडिलांना दोनदा बोलावणे आले होते. दृश्य मी काढले नाही, आणि त्याची किंमत घराने काही महिने मोजली. पण ऐकणे आणि मानणे यांत अंतर आहे. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ व दिग्दर्शक झां रूश याने नायजर नदीवरच्या पाणघोड्याच्या शिकारीवर चित्रपट केला आणि काही वर्षांनी तो त्याच शिकाऱ्यांना दाखवला. शिकारीच्या दृश्याला त्याने त्यांच्याच परंपरेतले संगीत जोडले होते. शिकाऱ्यांनी त्यालाच हरकत घेतली: शिकारीच्या वेळी शांतता लागते, एवढ्या आवाजाने पाणघोडा पळून जाईल. रूशने ते संगीत काढले. शिकाऱ्यांनी सत्य लपवायला सांगितले नव्हते. त्याच्या खोटेपणावर बोट ठेवले होते. आबाजींनी भेगांबद्दल केले तेही हेच. लाज वाटते म्हणून घेतलेली हरकत आणि चुकीचे आहे म्हणून घेतलेली हरकत ओळखता येणे, हा दिग्दर्शकाच्या शिक्षणाचा मोठा भाग आहे, आणि कोणाचीच हरकत कधी ऐकली नाही तर तो भाग शिकायचा कुठे?

माझ्या चौथ्या लघुपटात हे थोडे जमले. पहिल्या खेपेला मी कापूस वेचणाऱ्या बायांचे चित्रण डिसेंबरात केले आणि नेहमीप्रमाणे संगीत ओतले, कारण मुद्रित आवाजात वारा सोडून काही नव्हते. दाखवल्यावर त्यांतली एक आजी म्हणाली की हे अर्ध्यातून सुरू झाले आहे, सीतादही कुठे आहे? वेचणीच्या आरंभी वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात ते मी लहानपणापासून पाहिले होते, आणि तरी ते चित्रपटात असावे असे मला सुचले नव्हते. पुढच्या हंगामापर्यंत थांबलो. या वेळी दिवाळीच्या आधीपासून जात राहिलो, संगीत काढले, आणि आवाजाचा फोन एकीच्या कनवटीला दिला. कापूस बोंडातून निघताना जवळजवळ आवाज करत नाही. त्यामुळे बायांचे बोलणे स्वच्छ आले. किलोमागे मजुरी किती, मालकाचा काटा किती खातो, कोणाची सून कोणत्या वेळी उठते, आणि या सगळ्याच्या मध्ये हसणे, इतके हसणे की संकलनात ते कमी करावे लागले. काकूंच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर वावरात पडून होते, मी ते ऐकायला एक हंगाम उशिरा पोहोचलो एवढेच.

एक व्यावहारिक आक्षेप उरतो आणि तो खरा आहे: पुन्हा जायला वेळ आणि पैसा कुठून आणायचा? मी स्वतः लग्नांचे चित्रीकरण करून पोट भरतो, तिथे अक्षता दुसऱ्यांदा पडत नाहीत आणि गिऱ्हाईकही दुसऱ्यांदा थांबत नाही. बस, जेवण, बुडालेली मजुरी, परीक्षा, या सगळ्यांतून शेतमजुराच्या मुलाने वर्षभर एकाच लघुपटामागे राहावे, असे सांगणे सोपे आहे. पण म्हणूनच विषय आपल्या गावातला, चालत जाण्याच्या अंतरावरचा निवडावा, असे मी म्हणतो, आणि या एका बाबतीत खेड्यातला विद्यार्थी शहरातल्यापेक्षा श्रीमंत आहे. दुसरीकडे, फेऱ्यांनाही अंत हवा. कापूस संपल्यावर पुन्हा पाणी देऊन फरदड घेणारे आमच्याकडे आहेत, आणि त्या लांबवलेल्या पिकावरच गुलाबी बोंडअळी पोसते, म्हणून वेळेत पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची उभी झाडे, उपटा असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. सातव्यांदा संकलन करत बसलेला, काहीच न दाखवणारा विद्यार्थीही मी पाहिला आहे. दोन वेचण्या, फार तर तीन. मग वावर मोकळे करावे.

तेव्हा मोबाइलचा गट वेगळा असावा की नसावा, याबद्दल मला फारसे मत नाही. आयोजकांना मी दुसरी सूचना लिहून दिली आहे. स्पर्धा दोन टप्प्यांत घ्यावी: हिवाळ्यात पहिली प्रत यावी, तिच्यावर परीक्षकांनी लेखी शेरे द्यावेत, विद्यार्थ्याने ती ज्यांचे चित्रण केले त्यांना दाखवावी आणि त्यांचे म्हणणे एका पानावर लिहून आणावे, बक्षीस मात्र पुढच्या हंगामात, दुसऱ्या प्रतीला. प्रवेशिका निम्म्यावर येतील, अशी भीती आयोजकांनी व्यक्त केली, आणि ती बहुधा खरी ठरेल. चौदाऐवजी सात लघुपट आले, तर त्यांच्यावर प्रत्येकी अर्धा तास बोलायला तरी वेळ राहील, असे मी त्यांना कळवले आहे. उत्तर अजून आलेले नाही.